सुट्टीचे दोन महिने आणि आपली मुले
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलण्यास सांगितले तेव्हा मी त्यांना म्हटले, "साहेब, मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. घर आणि चार कलमे सांभाळते. विद्वान माणसांच्या रांगेत मी काय बोलणार?" ते म्हणाले, "तुमच्या घरात जे चालते तेच सांगा." म्हणून आज मी तुम्हांला आमच्या घरातल्या एका वसंताची हकीगत सांगणार आहे. साल २०२५. काजूच्या बोंडांना रंग चढू लागल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचे दिवस. तीत मोठे असे काही नाही. तरी ती ऐकताना तुम्ही आपापल्या घराकडे एकदा पाहावे, एवढीच विनंती आहे.

आमचे गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीच्या बाजूला. घरात सासूबाई, मी आणि तीन मुले. मुलांचे अब्बा आखातात एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरचा नकाशा असाच असेल. मुलांचा बाप वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात येतो. आंबे, निकाल आणि बाप अशा तीन गोष्टी आमच्याकडे एकाच महिन्यात येतात.

कोकणात वसंत म्हणजे कामाचे दिवस. फाल्गुनात काजू पडू लागतो, चैत्रात आंबा उतरतो, वैशाखात फणस आणि रातांबे. पाऊस यायच्या आत लाकूडफाटा भरायचा, मिरची-मसाला करायचा, कौले चाळायची. घरातले प्रत्येक माणूस तेव्हा हवे असते. अशा वेळी आपण मुलांना काय सांगतो? "तू अभ्यास कर, यात पडू नकोस." आणि सुट्टी लागली की, "जा, खेळायला जा, पायांत घोटाळू नकोस." म्हणजे काम करणारी माणसे एकीकडे आणि मुले दुसरीकडे. मला वाटते, आपले मूल कोणत्या मातीचे आहे हे ओळखण्याची चांगली संधी आपण अशी दवडतो.

माझा मधला मुलगा आठवीत होता. गणितात कच्चा. शेकडेवारी काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. मार्चमध्ये सकाळी शाळेच्या आधी तो परड्यातला काजू वेचायला जाई. काजूची बी वेचणे दिसते तितके सोपे नाही. बोंडापासून ती पिळून वेगळी करायची, आणि टरफलातले तेल अंगाला लागले तर कातडी उतते. हाताला गोडेतेल लावून तो वेचायचा. आमच्याकडे ओली बी तशीच दुकानात नेऊन घालण्याची पद्धत. व्यापारी ओलीला भाव कमी देतो. मुलाने विचारले, "अम्मी, कमी का देतो?" मी म्हटले, "तूच शोधून काढ."

त्याने दहा किलो बी मोजून घेतली आणि तीन कडक उन्हे दाखवली. पुन्हा मोजली तर आठ किलो सातशे ग्रॅम भरली. त्याला आधी वाटले, कुणीतरी उचलली. धाकट्या बहिणीशी भांडणही झाले! मग त्याच्या ध्यानात आले की पाणी उडून गेले. दहा किलोत एक किलो तीनशे गेले, म्हणजे शेकडा तेरा. वर्गात जे चार महिने कळले नव्हते ते अंगणात एका दुपारी कळले. मग त्याने दोन्ही भाव मांडून हिशेब केला. ओली विकण्यापेक्षा वाळवून विकण्यात फायदा निघाला, आणि शिवाय घेणाऱ्यालाही चोख माल मिळतो. त्या हंगामाच्या पैशांतून त्याने स्वतःसाठी फुटबॉल घेतला. मी अडवले नाही. कमाई त्याची होती आणि हिशेबही त्याचाच होता.

त्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला होता. ३१ मार्चला ईद झाली. परीक्षांचे दिवस आणि रोजे एकत्र. एका संध्याकाळी इफ्तारीची वाट पाहत बसलो असताना धाकटीने विचारले, "अम्मी, तुझ्या लहानपणी पण रमजान परीक्षेतच यायचा का?" मला आठवले, १९९२ साली मी चौथीत होते, तेव्हा तो मार्चमध्येच होता. पण मध्ये तो पावसाळ्यातही आला, थंडीतही आला. हे कसे, म्हणून मधल्याने कागद घेतला. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे. ऋतूंची पूर्ण फेरी मारून त्याच जागी यायला सुमारे तेहेतीस वर्षे. १९९२ नंतर २०२५, आणि त्यानंतर २०५८. धाकटी पाचवीत होती. तिने बोटे मोजली आणि म्हणाली, "म्हणजे तेव्हा मी तुझ्या आताच्या वयाची असेन." घरात क्षणभर कुणी बोलले नाही. पालकहो, मूल किती लवकर आपल्या वयाचे होते हे कुणी त्या दिवशीइतके स्पष्ट मला सांगितले नव्हते.

याच मार्च महिन्यात आमच्या घरातून आणखी एक परीक्षार्थी गेला. तो म्हणजे माझ्या सासूबाई, वय अडुसष्ट. केंद्र सरकारचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरील ज्या माणसांना शाळा मिळाली नाही, त्यांना लिहिणे, वाचणे आणि संख्याज्ञान शिकवायचे, आणि शेवटी तिन्हींची मिळून दीडशे गुणांची चाचणी घ्यायची, अशी त्याची रीत. शाळेतल्या बाईंनी नाव घातले, पण शिकवले धाकटीने. रोज असरनंतर आजी आणि नात पाटी घेऊन बसत. नात कडक मास्तरीण! "दादी, 'ळ' चा पोटवळा असा नाही." सासूबाई म्हणत, "पोरी, माझ्या हाताला कोयता माहीत, पेन्सिल नाही."

चाचणीच्या दिवशी सासूबाईंना रोजा होता. नात हात धरून त्यांना शाळेत घेऊन गेली आणि वर्गाच्या दाराशी बसून राहिली. आईबाप परीक्षेच्या केंद्राबाहेर जसे बसतात तसे. पुढे उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र आले तेव्हा धाकटीने ते सगळ्या आळीत दाखवले. स्वतःच्या गुणपत्रिकेने तिला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता. आपल्या लेकरांचा आपल्याला अभिमान वाटतो, हे जुनेच आहे. पण लेकरांना आपल्या मोठ्यांचा अभिमान वाटावा, यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न त्या प्रमाणपत्राने माझ्यापुढे ठेवला.

ईदनंतर दोन दिवसांनी आम्ही सगळे वेळासला गेलो. वेळास आमच्या तालुक्यातलेच गाव. नाना फडणविसांचे गाव म्हणून इतिहासात त्याचे नाव आहे, आणि आता कासवांसाठी ते प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात आणि एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जातात. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कुत्री-कोल्हे उकरीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते उचलून धरले. आज त्याच गावची माणसे पहाटे किनारा धुंडाळून घरटी शोधतात, अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यांत ठेवतात आणि दीड-दोन महिने राखण करतात.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. टोपलीतून पिले आणून वाळूत पाण्यापासून काही अंतरावर सोडली. एवढीशी, मुठीत मावतील अशी. लाट येई आणि त्यांना मागे ढकली. ती पुन्हा निघत. धाकटीला राहवेना. "उचलून पाण्यात सोडूया ना!" राखणाऱ्या माणसाने हसून नको म्हटले. पिलाने ती वाळू स्वतःच्या पायांनी ओलांडायला हवी, असे त्याने सांगितले. आपण फक्त वाट मोकळी ठेवायची आणि कावळे-कुत्र्यांना दूर ठेवायचे. अभ्यासक म्हणतात की या पिलांतील माद्या मोठ्या झाल्यावर अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्मकिनाऱ्याच्या बाजूला येतात. माझी थोरली मुलगी हे सगळे गप्प राहून ऐकत होती. तिच्या मनात काय चालले होते ते मला महिन्याभराने कळले.

आता थोरलीबद्दल. ती बारावी विज्ञान शाखेला होती. ५ मे २०२५ ला निकाल लागला. आमच्या आळीत मोबाईलला रेंज मिळत नाही, म्हणून दुपारी एक वाजता ती भर उन्हात वर सड्यावर गेली आणि निकाल पाहून खाली आली. एकाहत्तर टक्के. सत्कारासाठी व्यासपीठावर बोलावतात त्यांत तिचे नाव येणार नव्हते, हे तिलाही माहीत होते आणि मलाही. ती म्हणाली, "अम्मी, मी दापोलीला कृषी महाविद्यालयात जाणार. सीईटी दिली आहे."

तिचे अब्बा तीन दिवसांपूर्वीच रजेवर आले होते. आणि त्याच आठवड्यात एक स्थळ आले. घराणे चांगले, मुलगा कुवेतला, स्वभावाने शांत. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मुलाची रजा महिन्याची आहे, निकाह याच महिन्यात व्हावा. या स्थळाला नाव ठेवावे असे त्यात काहीही नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. वाईट स्थळ नाकारणे सोपे असते. आमच्यापुढे चांगले स्थळ होते, आणि म्हणून दोन रात्री आम्हा नवराबायकोला झोप लागली नाही. बाप वर्षातून पंचेचाळीस दिवस घरी असतो. या रजेत झाले नाही तर पुढल्या मेपर्यंत गोष्ट गेली. आणि पुढल्या वर्षी असे स्थळ येईल की नाही? लोक काय म्हणतील? तुम्ही सगळे या प्रश्नांतून गेला आहात किंवा जाणार आहात.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर थोरलीने अब्बांच्या पुढे एक वही ठेवली. रडणे नाही, रुसणे नाही. वहीत हिशेब होता. महाराष्ट्र शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे, व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असावे. आमच्याकडे इतर मागास वर्गाचा दाखला आहे. तिने पुढे लिहिले होते: माफ नाही ते वसतिगृह, खाणावळ, पुस्तके आणि एस.टी.चे भाडे. चार वर्षांचे किती, त्याची बेरीज. त्याखाली परड्यातल्या काजूचे वर्षाचे उत्पन्न. ते आकडे मधल्याने काढून दिले होते! आणि शेवटी एक ओळ: "शिकून मी याच परड्यात काम करीन."

मुलांच्या अब्बांनी वही दोनदा वाचली. मग त्यांनी आपल्या आईकडे पाहिले. सासूबाईंचा स्थळाकडे कल आहे हे आम्ही जाणून होतो. त्या बराच वेळ सुपारी कातरीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला सही यायला अडुसष्ट वर्षे लागली. हिला चार वर्षे द्या."

दुसऱ्या दिवशी मुलांचे अब्बा स्वतः त्या घरी गेले आणि सन्मानाने सांगून आले की मुलीचे शिक्षण पूर्ण झाल्यावर बोलू. त्यांनी थांबणे शक्य नसल्याचे सांगितले. त्या मुलाचे लग्न त्याच महिन्यात दुसरीकडे झाले आणि आम्ही वलीम्याला जाऊन आलो. हे मी लपवीत नाही, कारण मुलीला शिकवण्याची किंमत द्यावी लागत नाही असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. किंमत द्यावी लागते. पण ती कशासाठी देतो आहोत हे घरातल्या सगळ्यांना माहीत असले, म्हणजे ती जड वाटत नाही.

त्या मेच्या अखेरीस पाऊस लवकर आला. एरवी मृगाची वाट पाहायची, पण त्या वर्षी मोसमी पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला. अंगणात रातांब्याची सोले वाळत होती. रातांबा फोडून गर आणि बिया काढायच्या, मीठ घातलेल्या रसात साली बुडवून उन्हात घालायच्या, आणि असे पाच-सहा दिवस करीत राहायचे, तेव्हा सोल तयार होते. आभाळ भरून आले तसे घरातले सगळे धावले. बाप, आजी, तिन्ही मुले. मुलगा सुपे उचलत होता आणि त्याचे अब्बा ताडपत्री ओढत होते. निम्मी सोले वाचली, निम्मी भिजली. तरी त्या संध्याकाळी पडवीत बसून चहा पिताना मुलांचे अब्बा म्हणाले, "इतक्या वर्षांत या रजेत प्रथमच मला वाटले की मी घरी पाहुणा नव्हतो."

पालक बंधुभगिनींनो, या सगळ्यातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते.

सुट्टीत मुलाला एक काम पूर्णपणे सोपवा आणि त्याचा हिशेब त्यालाच ठेवू द्या. मुंबईत राहत असाल आणि काजूचे झाड नसेल, तर घरातला महिन्याचा वाणसामान आहे, विजेचे बिल आहे. सोले घालायला मुलगी आणि झाडावर चढायला मुलगा, अशी वाटणी करू नका. दोघांना दोन्ही येऊ द्या.

परगावी, परदेशी असलेल्या वडिलांना माझे सांगणे आहे की फोनवर पहिला प्रश्न "किती टक्के?" हा नको. "आज काय केलेस?" असे विचारा. टक्के एका शब्दात सांगून होतात आणि बोलणे संपते. काय केले हे सांगायला मूल दहा मिनिटे घेते, आणि त्या दहा मिनिटांत तुम्ही घरी असता.

निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. आपल्या संस्थेने पहिल्या आलेल्यांचा सत्कार जरूर करावा, तो त्यांचा हक्क आहे. पण एकाहत्तर टक्केवाल्या मुलांनाही पुढे कोठे जाता येते हे सांगणारा एक टेबल त्याच सभागृहात दाराशी मांडावा. अशी मुले आपल्यात अधिक आहेत.

जातीचा, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवा. निकाल मेमध्ये लागतो, अर्जाच्या तारखा लगेच येतात, आणि कागद नाही म्हणून मुलीचे वर्ष फुकट जाते. वर्ष फुकट गेले की घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळ पाहणे हाच एक विचार उरतो. अनेक मुलींचे शिक्षण कुणाच्या विरोधाने थांबलेले नाही. ते एका दाखल्याअभावी थांबले आहे.

आणि विद्यार्थिनींनो, तुम्हांलाही सांगते. घरच्यांशी बोलायचे असेल तर वही घेऊन बोला. आपल्याला काय हवे, त्याला किती लागते आणि आपण त्यातले किती उचलू, हे लिहून दाखवा. आईबाप कठोर नसतात, बहुधा ते घाबरलेले असतात. हिशेब दिसला की भीती कमी होते. मुलांनो, तुम्हीही बहिणीच्या वहीत दोन आकडे काढून द्या.

थोरली आज दापोलीच्या कृषी महाविद्यालयात शिकते आहे. कोकणातल्या शेतीसाठी १९७२ साली दापोलीला विद्यापीठ निघाले, आणि आमच्या घरातून तेथे पोचलेले ती पहिलेच माणूस. सुट्टीला आली की भावाला कलमांच्या मोहराबद्दल सांगते आणि तो तिला काजूचा भाव सांगतो. दादी मधूनमधून तिला पत्र लिहितात. ओळी तिरक्या जातात, 'ळ' चा पोटवळा अजून चुकतो, पण शेवटी सही असते.